मऊ काडतुसं

"नाही म्हणजे नाही, वेइको! यंदा एकही काडतूस मिळायचं नाही."

हेल्मी दारातच उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. जणू शेजारचा वेइको नव्हे, जंगलातलं अस्वलच आत घुसायला आलंय! वेइकोच्या एका हातात वेलदोड्याच्या पावाची पिशवी, दुसऱ्या हातात गेल्या वर्षीचा रिकामा डबा. तित्तरांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधी दर वर्षी तो असाच यायचा. पाव द्यायचा, डबा भरून न्यायचा.

"अगं, मग आजोबांची बंदूक काय भिंतीवर टांगू?"

"टांग की. शोभेल."

"आणि दुकानातलं काडतूस घातलं नि नळी फुटली तर? हात जाईल माझा!"

"म्हणून तर…" हेल्मीने जीभ चावली. "म्हणून तर सांगते, नवी बंदूक घे. चिक्कू मेला!"

तेवढ्यात आतून तिच्या नवऱ्याचा, आर्वोचा, खणखणीत आवाज आला. "कोण, वेइको का? ये रे बोक्या! डबे तयार आहेत!"

वेइकोने भुवया उंचावल्या. हेल्मीचा चेहरा दगडासारखा.

"आहेत. पण तुला नाहीत. गेल्या वर्षी एक तित्तर तरी आणून दिलंस?"

"दोन दिली होती! तूच रस्सा केलास!"

"खारट झाला होता."

वेइकोने पावाची पिशवी पायरीवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. "लहानपणापासूनची दोस्ती आमची," तो म्हणाला, "आणि आज तू मला दारातून परत पाठवतेस. लाज बाळग, हेल्मी." बर्चच्या झाडांमधून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती चौकट धरून उभी होती. मग पिशवी उचलून आत गेली.

लेक सुपीरिअरच्या त्या काठावर जुन्या फिनिश घरांत एकेक म्हातारी दुनळी बंदूक असायचीच. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून वळलेल्या तिच्या नळ्या, अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. दिसायला राणी, पण अंगाने नाजूक. आजकालच्या दांडगट काडतुसांचा जोर तिला सोसत नाही. तिच्यासाठी बंदुकीची दारू बेताची, छर्रे बेताचे, दोन्हींच्या मधली पुठ्ठ्याची गादी नीट बसवलेली, अशी काडतुसं घरीच भरावी लागतात. आसपासच्या सगळ्या म्हाताऱ्या बंदुकांची काडतुसं आर्वो भरायचा. 'मऊ काडतुसं' म्हणायचे त्यांना. "म्हातारीशी हळू आवाजात बोलावं," आर्वो म्हणायचा आणि हेल्मीकडे बघून डोळा मारायचा. हेल्मी शेजारी बसून गाद्या बसवायची. लग्न झाल्यापासूनचे सगळे हिवाळे असेच गेले होते.

मग या उन्हाळ्यात त्याने सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे पत्र्यावर दोन बार काढून बघितले. पहिला नुसता फुस्स झाला. दुसऱ्याने खांद्याला असा हिसका दिला की कातडी काळीनिळी पडली. आर्वो खो खो हसला. हेल्मी हसली नाही. त्याला दुपारची झोप लागल्यावर तिने डब्यातली सगळी काडतुसं उघडून बघितली. एका पुंगळीत दारूच नव्हती. शेजारच्या पुंगळीत दुप्पट!

तिने बंदुकीच्या दारूची बाटली लपवली. तर दिवसभर तो घरभर शोधत फिरला आणि शेवटी पलंगाच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला. "माझं काम कुठे गेलं गं, हेल्मी?"

बाटली कुठे गेली, असं नव्हतं विचारलं त्याने. काम कुठे गेलं, असं विचारलं.

तिने बाटली परत जागेवर ठेवली. तेव्हापासून सकाळी तो भरायचा आणि दुपारी तो झोपला की ती उपसायची. क्रोशाच्या सुईने पुंगळीच्या तोंडाच्या दुमडलेल्या पाकळ्या उचकटायच्या, छर्रे डब्यात, दारू बाटलीत. पुंगळ्या पुन्हा ओळीने उभ्या. सकाळी तो हात चोळत म्हणायचा, "बाप रे, केवढं काम पडलंय! तू जरा लवकर उठवत जा मला."

वेइको रागावून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आर्वोने एक पुंगळी खिडकीच्या उजेडात धरली. वसंतात आणलेल्या कोऱ्या, लालभडक पुंगळ्यांपैकी ती एक. पण तिच्या पाकळ्यांच्या कडा पार फाटून झिरमिळ्या झाल्या होत्या.

"अरे वा! किती वेळा वाजवलीय ही!" तो खूष झाला. "झकास हंगाम गेला म्हणायचा. किती तित्तरं पाडली गं आपण?"

"खूप," हेल्मी म्हणाली. हातातली कॉफीची किटली तिने उगाचच पुसायला घेतली.

आर्वोने सवयीने पुंगळी नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली.

"जळल्याचा वास नाही, हेल्मी."

त्याची नजर खिडकीच्या कट्ट्यावरच्या सुईवर गेली. सुईच्या टोकाला दारूची करडी पूड चिकटलेली. दोरा कुठेच नाही.

त्याने पुंगळी खाली ठेवली.

"वेइको आला होता ना?"

"काल."

"दिलीस त्याला?"

"नाही."

"चिडला असेल."

"शिव्या घालत गेला."

"बरं केलंस," आर्वो म्हणाला. तिच्या मनगटावर त्याने क्षणभर हात ठेवला, मग खुर्ची पुढे ओढली आणि रोजच्यासारखा कामाला लागला.

दुपारी हेल्मी सुई घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. काडतुसं ओळीने उभी होती. दारू, गादी, छर्रे, सगळं भरलेलं. पण एकाचीही पाकळी दुमडलेली नव्हती. सगळी तोंडं उघडी. नुसती उपडी केली की झालं. सुईची गरजच नाही.

कॉफी निवायच्या आत तिचं काम आटोपलं. मग ती त्या रिकाम्या पुंगळ्यांसमोर कितीतरी वेळ बसून राहिली. आत आर्वो झोपला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि तो जागा आहे हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवल्यावर तो आत जाता जाता ओरडला, "वेइकोला निरोप धाड गं! म्हणावं, डबे तयार आहेत, पाव घेऊन ये!"

हेल्मीने बघितलं. काडतुसं पुन्हा घट्ट मिटलेली होती. फाटक्या पाकळ्यासुद्धा त्याने अंगठ्याने दाबून दाबून, कशा नीट बसवल्या होत्या.

तिने खुर्ची ओढली आणि क्रोशाची सुई उचलली.