मागचा गाडा

जर्मनीशी लढाई सुरू होऊन चार वर्षं झाली होती आणि हिंगोलीत पेट्रोल सरकारी चिठ्ठीवर, मोजून मिळत होतं. म्हणून मोंढ्यातल्या, धान्याच्या बाजारातल्या, एका अडत्यानं आपल्या लारीच्या मागं चार चाकांचा लोखंडी गाडा जोडून घेतला. तेवढ्याच पेट्रोलमध्ये गोरेगावहून दुप्पट पोती येतील, असा त्याचा विचार. शेठचा विचार चुकीचा नव्हता. पण तो गाडा ओढायचा होता जमीलला.

जमील अकरा वर्षं लारी चालवत होता. चिखलात रुतलेली, नाल्यात बंद पडलेली, सगळ्या तऱ्हेची लारी त्यानं घरी आणली होती. भीती म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. गाडा जोडल्यावर मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आता लारी आपली एकट्याची राहिली नाही. मागं घ्यायला गेलं की गाडा उलट्या अंगाला वळे. वळणावर तो आतल्या बाजूला ओढे. आणि उतारावर तर तो मागून ढकलतच राही, म्हशीनं मागून धडक द्यावी तसा.

त्यासाठी गाड्याला वेगळा ब्रेक होता. गाड्याच्या पुढच्या अंगाला एक बसकी फळी, तिच्यासमोर हातानं फिरवायचं लोखंडी चाक. चाक आवळलं की गाड्याची चाकं दबत. त्या फळीवर थावरा बसायचा. गोरेगावच्या अलीकडच्या बंजारा तांड्यातला, पंचविशीचा, दणकट हातांचा गडी. जमीलच्या बसायच्या जागेपासून थावऱ्यापर्यंत एक दोरी नेलेली होती आणि तिच्या टोकाला घंटी. एकदा वाजली की आवळायचं, दोनदा वाजली की सोडायचं. नियम एकच होता: उतार लागला की आधी घंटी, मग लारीचा ब्रेक. मागचं आधी धरायचं, पुढचं नंतर. थावरा तो नियम दररोज निघताना बोलून दाखवायचा आणि जमील हसून मान हलवायचा.

पौषात एका दुपारी ते गोरेगावहून ज्वारी भरून निघाले. तांडा मागं पडल्यावर एक नाला लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा लांब उतार. लारी अर्ध्या उतारावर असताना खालच्या वळणातून म्हशींचा कळप वर आला. पूर्ण रस्ता भरला. जमीलनं ते पाहिलं आणि दोन्ही पायांनिशी ब्रेकवर उभा राहिला.

लारी थांबली, गाडा थांबला नाही. मागून असा धक्का आला की जमीलची छाती स्टिअरिंगच्या चाकावर आदळली. गाडा आडवा फिरला, रस्त्याच्या कडेला कलंडला आणि चाळीस पोत्यांसकट पालथा झाला. थावरा त्याच्याखाली होता.

गुराख्यांनी आणि जमीलनं पोती ओढून काढली. थावरा शुद्धीवर नव्हता. लारीतली पोती तिथंच टाकून जमीलनं त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं. डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

शेठ संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर आला. त्यानं जमीलला बाजूला घेतलं आणि विचारलं, घंटी दिली होती का.

जमील म्हणाला, “दिली होती.”

एवढंच तो बोलला. दोरी त्याच्या हाताशी लटकत होती आणि त्यानं तिला स्पर्शही केला नव्हता, हे त्याला पक्कं आठवत होतं. तरी ते दोन शब्द तोंडातून गेले. शेठनं मान डोलावली आणि सगळ्यांना सांगितलं, की बंजाऱ्याच्या पोराला डुलकी लागली. दोन दिवसांत ते मोंढ्यात पसरलं, आठवड्यात तांड्यापर्यंत गेलं.

महिन्याभरात गाडा दुरुस्त झाला. ब्रेकच्या फळीवर बसायला कुणी तयार होईना. मग एके सकाळी थावऱ्याचा बाप वसराम स्वतः मोंढ्यात आला आणि ती जागा मागून घेतली. साठीचा माणूस, पण काठीसारखा ताठ. तरुणपणी त्यानं बापाबरोबर लदेणीचे बैल हाकले होते. पाठीवर धान्य लादलेले शेकडो बैल घेऊन घाट उतरण्यात त्याची तरणी वर्षं गेली होती. शेठनं त्याला ठेवून घेतलं.

त्या दिवसापासून जमीलचं बिघडलं. गोरेगावची फेरी असली की आदल्या दिवसापासून त्याला अन्न जाईना. शरीफा, त्याची बायको, भाकरी पुढं ठेवायची आणि तो नुसता तुकडे करत बसायचा. तिनं आधी पोटाचा विकार समजून काढा दिला, मग दर्ग्यातून धागा आणून बांधला. लारीत बसलं की तळहात घामेजून चाकावरून सरकत. तोंड कोरडं पडे. उतार दिसायच्या आधीच पायाला कापरं भरे. मग तो इंजिनात पाणी बघायच्या निमित्तानं लारी थांबवायचा, टोपण उघडायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. घंटी मात्र आता तो इतकी वाजवायचा, की वसरामला आवळू की सोडू कळत नसे.

तिसऱ्या फेरीला नाल्याच्या माथ्यावर असाच थांबला असताना वसराम फळीवरून उतरून पुढं आला. जमील टोपण हातात धरून उभा होता. पाणी काठोकाठ होतं. वसरामनं एकदा इंजिनाकडं बघितलं, एकदा जमीलच्या हाताकडं.

“पाण्याला काई झालं न्हाई,” तो म्हणाला. “भेव वाटून राहिलं तुमाला.”

जमीलनं टोपण परत बसवलं.

वसरामनं त्याला लाज वाटेल असं काही केलं नाही. तो सांगत राहिला, की बैलं उतरवताना त्याचा बापही प्रत्येक घाटाच्या माथ्यावर थांबायचा. बैलांचा सगळा तांडा थांबवायचा आणि एकटा पायी खाली जाऊन वर यायचा. दगड कुठं सुटा आहे, वळण कुठं अरुंद आहे, समोरून कुणी येतंय का, ते बघून. वर आला की मोठ्यानं सांगायचा, आता हे होईल, मग ते होईल. “उतार आधी पायानं उतरायचा,” वसराम म्हणाला. “मंग चाकानं. भेव जात न्हाई. पण त्याला काम लागतं.”

त्या दिवशी दोघं नाला पायी उतरले आणि चढून आले. मग लारी उतरली, हळू, एका घंटीवर. त्यानंतर प्रत्येक उतारावर ते तसंच करू लागले. वेळ जायचा, शेठ कुरकुरायचा, पण जमीलचे हात थोडे स्थिर झाले. त्यानं घरी एक पूर्ण भाकरी खाल्ली. शरीफानं विचारलं, बरं वाटतंय का. तो हो म्हणाला, आणि त्या रात्री त्याला झोप आली नाही. म्हाताऱ्याच्या मायेनं त्याला जास्तच टोचत होतं.

फाल्गुनात एकदा नाला पायी उतरून वर येताना वसराम मध्येच थांबला. गाडा जिथं पालथा झाला होता, तिथं अजून कडेच्या मातीत ज्वारीचे वाळलेले कोंब दिसत होते. वसराम तिकडं बघत म्हणाला, “एक बोलायचं व्हतं. माझ्या पोरानं झोप काढली. तुमचा जीव जाता जाता राहिला. तुमी चांगले, कदी उच्चार केला न्हाई. म्हणून म्या ही जागा मागितली. आमच्या घरावरचा बोल पुसायचा हाय मला.”

जमीलचे पाय तिथंच थबकले. हा माणूस आपली माफी मागतो आहे, हे समजायला त्याला एक क्षण लागला. मग तो म्हणाला, “काका, घंटी दिली न्हाई म्या.”

वसराम वळला.

“म्हशी दिसल्या अन् म्या एकदम ब्रेक दाबला. दोरीला हात न्हाई लावला. थावरा जागाच व्हता. शेठनं विचारलं तवा म्या खोटं बोललो.”

वसरामनं खाली नाल्याकडं बघितलं. तिथं एक धोबीण कपडे आपटत होती. मग तो म्हणाला, “मला सांगून काई व्हत न्हाई. तांड्यात चला. त्याला सांगा.”

तांडा मागं होता आणि एवढ्या अरुंद रस्त्यावर गाड्यासकट लारी वळणं शक्य नव्हतं. आधी नाला उतरायचा, पलीकडच्या माळावर वळायचं, मग परत. वसराम गाड्याकडं गेला आणि फळीवर चढून बसला.

जमील लारीत बसला. आता त्याच्यामागं चाळीस पोती होती आणि ज्याच्या पोराचा पाय त्यानं घालवला, वर झोपाळू ठरवला, तो माणूस होता. म्हाताऱ्यानं चाक आवळलं नाही तर? नुसता हात मांडीवर ठेवून बसला तर? गिअर दोनदा करकरला. मग तो मोठ्यानं बोलू लागला, एकटाच: आता माथा, आता घंटी, आता सोडायचं. दोरी ओढली.

मागून काही क्षण काहीच जाणवलं नाही. मग गाड्याची चाकं दबल्याचा घसरा आला आणि लारीला मागून कुणी धरल्यासारखं झालं. उतार संपेपर्यंत ती पकड सैल झाली नाही. खाली पोचल्यावर जमीलनं इंजिन बंद केलं आणि डोकं चाकावर टेकवून बसला. वसरामनं फळीवरूनच सांगितलं, की उशीर होऊन राहिला, चला.

माळावर वळून ते तांड्यात परतले, तेव्हा थावरा झोपडीबाहेर बाजेवर बसला होता. त्याची बायको जिवनबाई गोधडी शिवत होती. शेजारचे चार-पाच जण लारी बघून जमले. जमीलनं सगळ्यांसमोर सांगितलं, काही न वगळता. जिवनबाईची सुई थांबली.

थावरा त्याच्याकडं बघत होता. “घंटी वाजली न्हाई, हे मला ठाऊक व्हतं,” तो म्हणाला. “पैले ठाऊक व्हतं. मंग सगळे म्हणून राहिले, बाप बी म्हणाला. मंग मला बी वाटाया लागलं, वाजली असंल, म्याच झोपलो असंन. जमीलभाई, पाय गेला ते गेलं. तुमी मला माझ्यावरच भरोसा ठेवू दिला न्हाई.”

थावऱ्यानं तोंड फिरवलं. जिवनबाईनं जमीलला जायला सांगितलं, शांतपणे.

दुसऱ्या दिवशी जमील शेठकडं गेला आणि मोंढ्यात चार माणसांदेखत तेच पुन्हा बोलला. त्याला वाटलं होतं, शेठ लारी काढून घेईल. शेठनं पान चघळत ऐकलं आणि म्हणाला, झालं गेलं, आता डरायवर मिळतात कुठं. जमीलला हे शिक्षेपेक्षा जड गेलं. मोंढ्यातल्या हमालांनी मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन-तीन आठवडे त्याच्या लारीतली पोती उतरवायला सगळ्यात शेवटी माणसं येत.

वसराम फळीवर बसतच राहिला. तो जेवढ्यास तेवढं बोलायचा. उतार पायी उतरणं त्यानं सोडलं नाही. एकदा जमीलनं विचारलं, की त्या दिवशी चाक काहून आवळलं. वसराम म्हणाला, “खाली धोबीण व्हती.”

चैत्र लागला तेव्हा एका सकाळी तांड्याच्या फाट्यावर थावरा कुबडी घेऊन उभा दिसला. जमीलनं लारी थांबवली. थावरा बापाकडं गेला नाही; पुढं आला आणि दाराला धरून वर चढू लागला. जमीलनं हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. स्वतःच चढला, शेजारी बसला, कुबडी गुडघ्यांत धरली.

लारी सुटल्यावर म्हणाला, की लारीचा आवाज आला की त्याला घाम फुटतो. तांड्यावरून लारी गेली की तो झोपडीत जाऊन बसतो. बायको हसत नाही, पण तिला दिसतं. “हा नाला मला पार करायचा हाय,” तो म्हणाला. “तुमी चालवा. माझ्याशी बोलू नका. काय करून राहिले तेवढं मोठ्यानं सांगा.”

माथ्यावर जमील थांबला, पायी खाली जाऊन आला. थावरा तेवढा वेळ डोळे मिटून बसला होता. मग जमील सांगत गेला. समोर रस्ता मोकळा. आता घंटी. वाजली. तुझ्या बापानं आवळलं. आता माझा ब्रेक, हळू. वळण आलं. जमीलचा स्वतःचा आवाज फाटत होता आणि त्याची पाठ भिजली होती. थावऱ्याची बोटं बसायच्या बाकाच्या कडेत रुतली होती. जिथं गाडा पालथा झाला, तिथं तो एकदाच कण्हल्यासारखा झाला. जमीलनं वेग बदलला नाही.

खाली नाल्यातून लारी पलीकडं चढली. थावऱ्यानं थांबवायला सांगितलं. तो उतरला, रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून ओकला. वसराम गाड्यावरून उतरून पाण्याचा तांब्या घेऊन आला. थावऱ्यानं चूळ भरली, तोंड धुतलं आणि कुबडीवर उभा राहिला. हिंगोलीला येतोस का, असं जमीलनं विचारलं. तो नाही म्हणाला. तांड्याकडं जाणारी एक बैलगाडी येत होती, तिला त्यानं हात केला.

गाडीत बसता बसता तो जमीलला म्हणाला, “परवा फेरी हाय न्हवं? फाट्यावर थांबतो मी.”