ढकलताई

चेस्ट प्रेसच्या, म्हणजे छातीपासून दांडे पुढे ढकलायच्या मशीनवर बसून ढकलताईला मिळणार तरी काय होतं? वजन उतरवायचं नव्हतं, की आरशात बघून खूश व्हायचा तिचा स्वभाव नव्हता. मिळकत एकच: सख्ख्या भावाच्या छातीला तळहात लावून त्याला एकदा मागे ढकलायचं.

शेवटच्या आजारात आई दादाकडे होती. घर आपल्या नावावर होताच त्याला बहीण डोळ्यांत खुपू लागली. ती भेटायला गेली, तर हा आतून दार लोटतोय. ती बाहेरून ढकलत राहिली. आतल्या खोलीतून आईच्या हाका येत होत्या, शब्द कळत नव्हते. दार लागलं. त्यानंतर आई दिसली ती थेट चादरीखाली.

तेव्हापासून टपाल कचेरीतली पार्सलं उरकली की ती जिममध्ये. दुसऱ्या मशीनला हात नाही, म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं.

"ताई, कधी पायांचंही करा की," ट्रेनर म्हणायचा.

"पायांनी तर पोचले होते रे. पुढचंच जमलं नाही."

आज ती मशीनवरून उठून घाम पुसत होती, तोच दादा आला. मध्यंतरीच्या आजारपणात त्याचा उजवा हात लुळा पडलेला, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला. ट्रेनरने त्याला नेमकं तिथेच बसवलं आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला.

दादाने जोर लावला. दांडे जागचे हलले नाहीत.

"बिघडलंय वाटतं."

"धडधाकट आहे. वजनाची पिन मी ढकलते त्या पट्टीत आहे."

आवाज ओळखून त्याने मान वळवली. चेहरा खर्रकन उतरला.

"तू होय! बरं, पिन तेवढी वर घे. मला वाकवत नाही."

"घेते. त्या दिवशी आई आतून काय म्हणत होती?"

"कशाला जुनं उकरतेस?"

"मग बस तसाच. मला कुठे घाई आहे?"

त्याने पुन्हा जोर केला. दांडे तसेच. आजूबाजूचे बघायला लागले.

"म्हणत होती," तो खाली बघत पुटपुटला, "सोड रे दार, पोरीची बोटं चेंगरतील."

ताई वाकली. पिन सगळ्यांत वरच्या, हलक्या पट्टीत घातली. त्याला पाडायला आता एक बोट पुरलं असतं.

"ढकल."

पट्टी जेमतेम उचलली गेली.

"अजून."

"दुखतंय गं."

"अजून."

हिशेब मांडलाच, तर दादाने थोडा घाम भरला, ताईने खांदे झिजवले. बाकी सगळं आधीच चुकतं झालं होतं. ते आईने भरलं होतं, आतल्या खोलीत, हाका मारून मारून.