साळ्यानं पेटवायची सिगरेट

स्वतःच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशीही मोनाली पटले सकाळी मैदानावर गेली. गोंदिया शहरातली वीस-बावीस पोरं तिच्याकडं धावायला येतात. कुणाला पोलीस भरती द्यायची असते, कुणाचं पोट पंचविशीतच सुटलेलं असतं. ती त्यांना पळवते, दंड मारायला लावते, सकाळच्या समोशाऐवजी मोड आलेले चणे खायला घालते आणि खिशातल्या खर्र्याच्या, तंबाखू-सुपारीच्या, पुड्या त्यांच्याच हातानं नालीत फेकायला लावते. तिचा धाकटा भाऊ दुर्गेश त्यांच्यातलाच. दहावीपासून सिगरेट ओढायचा. चार महिन्यांपूर्वी त्यानं ती सोडली. भरतीची धाव एकोणीस दिवसांवर आली होती.

घरी परतली तेव्हा मांडवात टेबल लागलं होतं. त्यावर मोठं ताट. पान, सुपारी, खर्रे, बिड्या, सिगरेटची पाकिटं. हे उचला, ती बापाला, टेकचंदला, म्हणाली. त्याचं तोंड तीन वर्षांपासून एक बोटच उघडतं. खर्र्यानं गाल आतून आवळून गेलेत, पेजेशिवाय काही गिळवत नाही. त्याच तोंडानं त्यानं सांगितलं की ताट नसलं तर पाहुणे रुसतील. आई सुशिलाबाईनं हात जोडले. दोन सोयरिकी मोडल्या, ही तिसरी, अन् पोरगी अठ्ठावीसची.

मोनाली आत निघून गेली. मैदानावर तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. घरात तो स्वयंपाकखोलीच्या बाहेर आला नाही.

दुपारी सडक अर्जुनीहून मुलाकडचे आले. जेवणं झाली. अंगठ्या घालायच्या आधी नवरदेवाचे मामा, गोवर्धन, यांनी ताट पुढं ओढलं आणि नवरीच्या भावाला, दुर्गेशला, हाक मारली.

“किधर भाग रहे हो, साळेबुवा? साळ्यानं पयली सिगरेट पेटवल्याबिगर आमच्या घरची सोयरीक पक्की होत नाई.”

दुर्गेशनं दोनदा सांगून पाहिलं, सोडली आहे, भरती आहे. मांडव हसला.

“बहिणीनं चणे चारून चारून घोडा केला याचा,” मामा म्हणाले. “मरद कवा करन?”

दुर्गेशनं बापाकडं पाहिलं. टेकचंदनं मान हलवली. घे बेटा, एका दिवसानं काय होते. पडद्यामागून मोनालीनं हे सारं ऐकलं. तिचे पाय दारापर्यंत आले आणि थांबले. बाहेर काडी ओढल्याचा आवाज झाला.

पहिली सिगरेट खोकत संपली. मामांनी दुसरी पुढं केली, आता नवरदेवाच्या नावाची. या वेळी दुर्गेशनं स्वतःच हात पुढं केला. त्याच्या डोळ्यांत जुनी भूक परत आलेली मोनालीला पडद्याआडूनही दिसली. तेव्हा ती बाहेर आली, साडीचोळीत, कपाळावर ओलं कुंकू. तिनं भावाच्या बोटांतली सिगरेट काढून घेतली आणि खुर्चीवर बसलेल्या नवरदेवाला, हेमेंद्रला, विचारलं,

“तुमचं काय म्हणनं हाये?”

हेमेंद्र स्वतः ओढत नव्हता. शिकलेला, सज्जन मुलगा. त्यानं मामाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

“मोठ्यायसमोर मी काय बोलू?”

“मंग मी बोलतो. मले हे लगन नाई करायचं.”

मामा उठले. पोरगी डोक्यावर बसवली तं असंच होते, म्हणाले. खुर्च्या सरकल्या, गाड्या निघून गेल्या. टेकचंद मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. सुशिलाबाई रडत आत गेली.

दुर्गेश बहिणीजवळ येऊन बसला.

“ताई, माह्यामुळं झालं. मी नाई कायले नाई म्हटलं?”

“तू तं दोनदा म्हटलं,” मोनाली म्हणाली. “मी पयलीच्या वक्ती आत काऊन उभी होती, ते सांग.”

उद्या पाचला मैदानावर ये, ती म्हणाली, धाप लागली तरी चालेल, अन् आज मी आधी आतच उभी राहिली, ते मीच सगळ्या पोरांना सांगीन.

त्या मांडवात साठ माणसं जेवली. मास्तर होते, दुकानदार होते, पोरांना भरतीला पाठवणारे बाप होते. दुर्गेश नाही म्हणत होता तेव्हा त्यातल्या एकानंही म्हटलं नाही की राहू द्या, पोरगा नाही म्हणतो. ती साठ माणसं वाईट नव्हती. त्यातले काही आज हे पेपरात वाचत असतील, आणि त्यांच्या घरीही पुढच्या लग्नाचं ताट भरायचं असेल.