एकाकी जोडी

सुनेने उकडलेल्या बटाट्यात चौथी काडी खुपसली आणि बटाटा टेबलावर ठेवून दिला. चारही काड्या टेबलालगत आडव्या पसरल्या.

"हा मिथेन?" नवऱ्याने विचारलं. "हे तर अधिकचं चिन्ह झालं."

"पुस्तकात असंच काढलंय."

"पुस्तकाचा कागद सपाट असतो गं. रेणूने कशाला सपाट व्हावं?"

तिने काड्या उपसल्या. उद्या तोंडी परीक्षा. याच आकारांवर ती दोनदा आपटली होती. या वेळी आपटली, तर प्रयोगशाळेतल्या नोकरीचं स्वप्न गुंडाळायचं आणि सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं ठरलं होतं. सासऱ्यांनी तिथली खुर्ची पुसूनसुद्धा ठेवली होती.

"बरं, अमोनिया सांग."

"मध्ये नायट्रोजन. तीन हायड्रोजन. आणि एक एकाकी जोडी, दोन इलेक्ट्रॉनची…" ती अडखळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हसणार नसशील तर सांगते. नायट्रोजन म्हणजे आपलं जेवणाचं टेबल. तीन हायड्रोजन म्हणजे बाबा, तू आणि मी. आणि एकाकी जोडी म्हणजे आत्याबाई आणि त्यांची पिशवी. कुणाशी हात मिळवायचा नाही, पण सगळ्यांना रेटून बसायचं!"

नवरा असा हसला, की बटाटा गडगडत टेबलाखाली गेला.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत त्या कधी पडल्याच नाहीत. टेबलाच्या डोक्याशी त्या बसत, शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी बसे आणि उरलेले तिघं दुसऱ्या टोकाला अंग चोरून जेवत. त्या पिशवीत काय नव्हतं! शेजाऱ्यांचं हरवलेलं मांजर आठवड्याने तिच्यातूनच बाहेर आलं, आणि तेही चांगलं बाळसं धरून, असं शेजारी शपथेवर सांगत.

दाराबाहेर पिशवीची कडी खट्‌कन वाजली. नवऱ्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"ऐकलं वाटतं त्यांनी," सून पुटपुटली.

"छे. आत्याला कमी ऐकू येतं."

"नको ते बरोबर येतं."

सकाळी खुंटीवर पिशवी नव्हती.

"पहाटेच गेली," सासरे म्हणाले.

"कुठे?"

"ताईला ते विचारायची छाती आहे का इथे कुणाची? धाकट्या भावाकडे गेली असेल. इतकी वर्षं जाते जाते म्हणायची. आज गेली."

नवऱ्याने सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

तिघं चहाला बसले. रेटायला कुणी नव्हतं, तेव्हा टेबलाभोवती ऐसपैस, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. इतकी जागा मिळूनही कुणाला नीट बसता येईना.

परीक्षक बाईंनी नुसतं बघितलं तरी निळा लिटमस लाल होतो, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी रंगीत गोळ्यांची आणि प्लास्टिकच्या काड्यांची पेटी पुढे सरकवली.

"अमोनिया."

सुनेने नायट्रोजनचा निळा गोळा उचलला. पहिली काडी भोकात बसेना. कशीबशी तीन काड्या लावून, त्यांच्या टोकांना पांढरे गोळे अडकवून तिने तिपाईसारखं ते टेबलावर उभं केलं. वरचं भोक रिकामं ठेवलं.

"आकार?"

"पिरॅमिडसारखा."

"सपाट का नाही?"

"वर एकाकी जोडी असते. दिसत नाही, पण रेटते."

"आणि ती नसती तर?"

सकाळचं टेबल तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"तर तिघं ऐसपैस पसरले असते. सपाट."

बाईंनी मान वर केली. "तिघं?"

"तीन अणू. चुकून…"

"हं." बाईंनी पेटीतून आणखी एक पांढरा गोळा उचलला. "हा हायड्रोजनचा आयन. याच्याजवळ स्वतःचा एक इलेक्ट्रॉनसुद्धा नाही. रिकाम्या हाताने आलाय. याला कोण घेईल?"

हे तिने वाचलंच नव्हतं. तिने तीन काड्यांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. तळहाताचा घाम ओढणीला पुसला.

कुणाला न सांगता लग्न करून ती पहिल्यांदा त्या घराच्या दारात उभी राहिली होती, तेव्हाही हात असेच घामेजले होते. सासरे मुलाकडे बघत होते, मुलगा जमिनीकडे. कुणी 'ये' म्हणेना. मग टेबलाच्या डोक्याशी बसलेल्या बाईने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती.

"बस इथे. आणि आधी दार लाव, डास येतायत."

"बोला," परीक्षक बाई म्हणाल्या. "बाहेर रांग आहे."

सुनेने त्यांच्या हातातला गोळा घेतला, काडीला लावला आणि वरच्या रिकाम्या भोकात बसवला.

"एकाकी जोडीच घेते. बाकीच्यांचे हात गुंतलेले असतात."

"मग आता आकार?"

"चतुष्फलक. चारही सारखे." तिने तो सांगाडा बोटाने फिरवला. "कोण आधीचा आणि कोण मागून आलेला, ते ओळखू येत नाही."

बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं.

"पास. आता पुन्हा इथे दिसू नका."

बाहेरच्या बाकावर मधोमध आत्याबाई बसल्या होत्या. शेजारी पिशवी. परीक्षेला आलेल्या मुली समोरच्या भिंतीला पाठ लावून ताटकळत होत्या.

"तुम्ही? इथे?"

"पहाटे निघाले म्हणून बाक तरी मिळाला. तुम्ही बसा चहा ढोसत." त्यांनी सुनेला खालून वर न्याहाळलं. "काय विचारलं मेलीने?"

"अमोनिया."

"मग? मला कुठे बसवलंस?"

समोरच्या मुली बघायला लागल्या. सुनेचे कान तापले.

"वर," ती म्हणाली.

आत्याबाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.