पाकिटावरचं नाव

समुपदेशक बाई तीन वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे होत्या. देवावर जीव असलेल्या पुरुषाचा दुसऱ्या पुरुषावर जीव जडला, तर तो प्रार्थनेत काय मागतो? एकोणीस जण त्यांच्याशी बोलले. प्रत्येकाला एक नंबर. मुलाखत कागदावर उतरली की नावं गाळायची आणि ज्याची त्याला वाचायला पाठवायची, हा त्यांचा शिरस्ता. अकरा नंबर होता एक वेल्डर. त्याच्या कागदांतलं नाव न् नाव बाईंनी डोळ्यांत तेल घालून गाळलं, आणि पाकिटावर मात्र त्याचं नाव ठसठशीत लिहून ते टपालात टाकलं. शहाण्या माणसाने माती खावी ती अशी.

पाकीट त्याच्या थोरल्या भावाने फोडलं.

सकाळी दहाला थोरला बाईंच्या कचेरीत घुसला तो हातात लोखंडी पाना घेऊनच. मागोमाग प्रवचनकार, साक्षीला म्हणून त्यानेच आणलेले. बाईंच्या यादीतले चार नंबर ते हेच. आणि वेल्डर ज्यांच्याविषयी भरभरून बोलला होता, तेही हेच.

"यातला 'तो' कोण?" थोरल्याने कागद टेबलावर आपटले. "आमच्या धाकट्याला कुणी नासवलं?"

"ते मला सांगता येणार नाही."

त्याने बाईंचा उजवा हात टेबलावर दाबला आणि पाना हाणला. दोन बोटं काडीसारखी मोडली. बाई गुरासारख्या ओरडल्या.

"त्याला घरात कोंडून आलोय. एवढा तुडवला, तरी तोंड उघडत नाही. नाव द्या, नाहीतर जाऊन त्याचा गळाच दाबतो."

इकडे आड, तिकडे विहीर. नाव दिलं तर एक मरणार, न दिलं तर दुसरा. बाईंनी चुकूनही दारात उभ्या प्रवचनकारांकडे पाहिलं नाही. दुसरा घाव कोपरावर बसला.

"मी," प्रवचनकार म्हणाले. "तो मी आहे."

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुरुजी, तुम्ही देवमाणूस. पण दुसऱ्याचं पाप अंगावर कशाला घेताय? व्हा बाजूला."

प्रवचनकार तेवढ्यावर गप्प बसले असते तर त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता.

"त्याच्या डाव्या मांडीवर जन्मखूण आहे," ते म्हणाले. "पार वर."

धाकट्याला लहानपणी न्हाऊ घालताना थोरल्याने ती खूण शंभरदा पाहिली होती. मग पाना प्रवचनकारांच्या जबड्यावर पडला, मग डोक्यावर. बाई मध्ये पडल्या, त्यांना लाथेने भिंतीवर फेकलं. थोरला हंबरडा फोडत होता आणि मारत होता. हातातलं बळ सरलं तेव्हा पाना गळून पडला आणि तो तिथेच रक्तात बसला.

"दर आठवड्याला यांच्या पाया पडलोय मी," तो म्हणाला. "आता कुणाच्या पडू, बाई? सांगा ना!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने त्यांनी रुग्णवाहिकेचा नंबर लावला होता.

"दोन गाड्या पाठवा," त्या म्हणाल्या. "एक इथे, आणि एक याच्या घरी."