कोंबांचा कौल

आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडात एकदा सुनेचं भवितव्य गव्हाच्या कोंबांनी ठरवायचं होतं. नवरात्रात घटाभोवती पेरलेले कोंब पाचव्या माळेला बोटभर वाढले आणि सगळेच्या सगळे खिडकीकडे झुकले. ही सून, दुर्गा, पूजेला बसायची ती नेमकी उलट्या अंगाला, दाराच्या बाजूला.

माझ्या थोरल्या जाऊबाई, राधाबाई, म्हणजे दुर्गेच्या सासूबाई. त्यांनी लगेच निकाल दिला.

"पाहिलंस? देवीनं हिच्याकडे पाठ फिरवली. उगाच का मूलबाळ नाही! दसऱ्यालाही असंच दिसलं तर चिंतामणीला भायखळ्याची मुलगी पक्की."

दुर्गेचा नवरा चिंतामणी सुपारी कातरत होता. आईपुढं त्याचं मत त्या खांडाएवढंही नसतं.

"जाऊबाई, कोंब उजेडाकडे वळतात," मी म्हटलं. "मासिकात आलंय. उजेड कळतो शेंड्याला, तो खाली काहीतरी सांगावा धाडतो आणि वाकतं खालचं अंग. शेंड्याला टोपी घातली की कोंब सरळ. मी स्वैपाकघरात कागदाच्या टोप्या घालून पाहिलंय."

"कोंबांना टोप्या! वाचून वाचून डोकं फिरलंय तुझं."

शेंड्यानं ठरवायचं आणि कंबर खालच्यांची वाकायची, ही रीत खरं तर त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नसेल.

घट हलवायचा नसतो. खिडकीला बिचारीला असला काही नियम नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "चिमण्या आत येऊन कोंब टिपतील हो."

"मग लाव की खिडकी! तेही मीच सांगायचं?"

लावली. अंधार नको म्हणून दार सताड उघडं ठेवलं.

दुर्गा कुजबुजली, "काकी, ही देवीची फसवणूक नाही ना?"

"अगं, दाणा उलटा पडला तरी मूळ खालीच जातं आणि कोंब वर, उजेडाकडे. ही अक्कल त्याला दिली कुणी? तिनंच ना? तू आपली जागा सोडू नकोस."

दसऱ्याला सगळे कोंब दुर्गेपुढं वाकलेले!

"प्रसन्न झाली गं माझी आई!" राधाबाईंनी स्वतःच्या हातानं दुर्गेच्या अंबाड्यात कोंब खोवले. "भायखळ्याला निरोप धाडा, आमची सून लक्ष्मी आहे."

"मला आधीपासूनच खात्री होती," चिंतामणी म्हणाला. तोही दाराकडेच तोंड करून बसला होता.

दुर्गा माझ्या पाया पडायला वाकली, डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "काकी, पुढच्या वर्षी घट दारापाशीच बसवू या?"