मी त्याचेही पाय पुसले

मी एक पंचा आहे. जाडाभरडा, जवसाच्या धाग्याचा. विणकराने मला विणलं आणि एका विधवा बाईंनी पाहुण्यांसाठी विकत घेतलं. सगळे त्यांना मावशी म्हणत. हात पुसावेत, तोंड पुसावं, खुंटीवर वाळावं, एवढंच माझं आयुष्य.

त्या संध्याकाळी मावशींच्या माडीवर गुरुजी आपल्या सोबत्यांना घेऊन जेवायला आले. पाय धुवायला गडीमाणूस नव्हतं. सोबती एकमेकांकडे बघत बसले, उठेना कोणी. शेवटी गुरुजीच उठले, मला कमरेला बांधलं आणि घंगाळ घेऊन खाली बसले.

सोबत्यांपैकी एक कोळी होता, त्याने पाय आखडून घेतले. “तुम्ही माझे पाय धुवायचे? मला लाजेने मरायला होईल.”

“मग लाज बाळग, पण पाय पुढे कर,” गुरुजी म्हणाले.

मग खजिनदाराची पाळी आली. सगळ्यांची थैली त्याच्याकडे असे, इतका तो विश्वासातला. त्याने पाय निमूटपणे पुढे केले. गुरुजींनी त्याच्या भेगाळलेल्या टाचा चोळल्या आणि माझ्या टोकाने एकेक बोट टिपलं.

“राहू द्या गुरुजी, पुसले गेलेत.”

“बोटांत ओल राहिली की चिघळतं रे.”

त्याने मान फिरवली. गुरुजींना शिपायांच्या हाती पकडून द्यायचं त्याने आधीच ठरवलं होतं, आणि गुरुजींना ते ठाऊक होतं. मला नव्हतं. नाहीतर मी त्या पायांना शिवलोही नसतो. जेवताना गुरुजींनी त्याला आपल्या हाताने घास दिला. तो त्याने गिळला आणि त्याच पावलांनी जिना उतरून गेला.

पुढे आम्ही बागेत गेलो. गुरुजींनी मला कमरेचा सोडून खांद्यावर टाकलं होतं. थोड्या वेळाने झाडांमागून दिवे आणि दांडकी घेऊन माणसं आली. पुढे खजिनदार.

“गुरुजी, बरे आहात ना?” असं लाघवी आवाजात म्हणत त्याने गुरुजींच्या गालाचा मुका घेतला. कोणाला धरायचं, ही शिपायांना खूण होती. त्याचा श्वास माझ्यावर आला. अजून शिसारी येते.

“दिवे कशाला आणलेस?” गुरुजी म्हणाले. “मी लपलो नव्हतो.”

ओढाताणीत मी चिखलात पडलो. माणसं मला तुडवून गेली. सोबती पळाले. पळता पळता कोळ्याने मला उचललं आणि मावशींकडे आणलं.

शिपायांनी गुरुजींना नेऊन मारून टाकलं. मावशींनी मला राखेने घासून धुतलं, तरी त्या टाचांचा खरखरीतपणा माझ्या धाग्यांतून जाईना. त्या मला चुलीत घालणार, इतक्यात गुरुजींच्या आई आल्या.

“यानेच सगळ्यांचे पाय पुसले?”

“हो.”

“त्याचेसुद्धा?”

“त्याचेसुद्धा. सगळ्यांत जास्त वेळ त्याचेच.”

आईंनी मला हातात घेतलं. मला वाटलं, आता भिरकावतील. मी तेच मागत होतो. पण त्यांनी माझ्यात तोंड खुपसलं आणि त्या कितीतरी वेळ रडल्या. मग मला झटकून खुंटीवर टांगलं.

“जाळू नकोस. उद्या माणसं येतील, लागेल.”

तेव्हापासून मी इथेच आहे. येईल त्याचे पाय पुसतो, तो कोण आहे हे विचारत नाही. आईंना जे जमलं, ते मला जमलेलं नाही. माझी किळस गेलेली नाही. तुम्हीही या, पाय पुसा. फक्त तेवढा वेळ कोणाशी गोड बोलू नका. मला मळमळतं.